सिनेमातले मनोरुग्ण नेहमी अफाट हुशारच का असतात?

'अ ब्यूटिफुल माइंड' बघून तुम्ही विचारलंय की स्किझोफ्रेनिया आणि बुद्धिमत्ता यांचं खरंच काही नातं असतं का, की सिनेमावाले ते जोडून देतात. मी डॉक्टर नाही. पण माझ्या धाकट्या मामाला हा आजार आहे आणि 23 वर्षं तो पंचवटीत आमच्याच घरी राहतोय, तेवढ्या अधिकाराने सांगतो.

आधी ज्याच्यावर तो सिनेमा आहे, त्या गणितज्ञ जॉन नॅशचं बघा. ज्या कामासाठी त्याला 1994 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते त्याने 1950 च्या सुमारास, ऐन विशीत केलं होतं. आजार उघड झाला 1959 मध्ये. म्हणजे आजाराने गणित दिलं नाही, उलट पुढची कितीतरी वर्षं गिळली. सिनेमात त्याला नसलेली माणसं दिसतात, प्रत्यक्षात त्याला आवाज ऐकू यायचे. आता आवाजाचं पोस्टर कसं काढणार! शेवटी पडद्यावरचा नॅश नवीन औषधं घेतोय असं म्हणतो. खऱ्याने 1970 नंतर घेतलीच नाहीत. ही थाप मात्र मला चालते, कारण आमच्याकडे गोळी चुकवायला मामाला निमित्तच हवं असतं.

मामा बी.कॉम., सेकंड क्लास. सातपूरला एका कंपनीत स्टोअरला होता. आजार सुरू झाला तेव्हा ना काही दिसलं, ना त्याने भिंतीवर सूत्रं लिहिली. आंघोळ बंद झाली, बोलणं कमी झालं, आणि जिन्यात तीन-तीन तास बसायला लागला. जिन्यात बसलेल्या माणसावर कोण सिनेमा काढेल? औषधाने त्याचे हात थरथरतात, कप बशीत वाजतो, म्हणून त्याला चहा स्टीलच्या ग्लासात, तोही अर्धाच. मध्ये उपचार म्हणून विजेचे शॉकही दिले होते. सिनेमात चौघं धरतात आणि पेशंट तडफडतो तसलं काही नाही, भूल देऊन देतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात भुलीशिवाय द्यायला बंदीच आहे. बाहेर आल्यावर मामाने पहिलं काय मागितलं असेल, तर मिसळ. उपाशी होता बिचारा.

तो सिनेमा टीव्हीवर लागला त्या आठवड्यात एक मावशी सुडोकूचं पुस्तक घेऊन आली. "अशांना गणितात गती असते गं!" मामाने ते पुस्तक घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. अजून तिथेच आहे.

माझा राग आहे तो इथे. नॉर्मल नसाल तर निदान नोबेल तरी आणा, मग आम्ही सांभाळून घेऊ, असा हा सौदा आहे. नुसता आजारी, नुसता साधा माणूस त्यात बसत नाही.

बघायचाच तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (2004) बघा. त्यातला हाच आजार असलेला शेषही हुशारच आहे म्हणा, पण कॅमेरा त्याच्या बहिणीकडेही वळतो. आम्ही तो घरी सीडीवर पाहिला. आई अख्खा वेळ गप्प होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "ती किती दमलीय बघ," आणि मामाची रात्रीची गोळी काढायला उठली.