काटक, काटकुळा आणि फोपसा

प्रश्न असा आला आहे : 'माझा भाचा २४ वर्षांचा. शिडशिडीत आहे म्हणून घरात सगळे त्याला काटक म्हणतात. जिममधल्या ट्रेनरने मात्र पहिल्याच दिवशी त्याला स्किनी फॅट, म्हणजे दिसायला बारीक पण अंगात चरबी जास्त, ठरवलं. काटक म्हणजे सडपातळच ना? आणि स्किनी फॅटला मराठीत काय म्हणायचं?'

काटक म्हणजे सडपातळ नव्हे. सडपातळ कोण ते बघून कळतं, काटक कोण ते कामाला लावल्यावर कळतं. खिलार बैल काटक असतो, भीमथडी तट्टू काटक असतं, मावळे तर शाळेच्या पुस्तकापासून काटक आहेत. आता 'सडपातळ बैल' म्हणून बघा! उलट स्थळांच्या जाहिरातीत 'सडपातळ बांधा' हमखास सापडतो. 'काटक वधू पाहिजे' अशी जाहिरात माझ्या तरी बघण्यात नाही.

ऊसतोडीच्या फडात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा पोरगा आठवा. गालफडं बसलेली, दंडावरची बेटकुळी जेमतेम लिंबाएवढी, पण पोटऱ्या दगडासारख्या. फळी लवते, त्याचा पाय लवत नाही. त्याला म्हणायचं काटक. सदरा घालून तो तुमच्या भाच्याशेजारी उभा राहिला तर दोघं सारखेच बारीक दिसतील. गोंधळ होतो तो इथेच. भाच्याला खरं तर 'काटकुळा' शोभेल. काटकुळा म्हणजे काटकीसारखा. त्यात बारीकपणा आहे, बळाची हमी नाही.

आपल्याकडे अंगाची मोजणीच काठीने होते. 'अंगकाठी'तली काठी उघड आहे. 'शरीरयष्टी' भारदस्त वाटतो, पण संस्कृतात यष्टी म्हणजेही काठीच. यष्टिमधु, म्हणजे आपला ज्येष्ठमध, ही गोड काडी त्याच शब्दातली. थोडक्यात, उंची आणि सांगाडा सांगायला आपल्याकडे शब्द भरपूर. त्या काठीवर मांस किती आणि चरबी किती, हे मात्र ना अंगकाठी सांगते ना शरीरयष्टी.

आणि नेमकं तेच पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे, तेव्हा थोडा फरक त्या खात्यात टाकावा लागेल. पण याज्ञिकांच्याच पाहणीतली, पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळं काही जिम चुकवून आलेली नव्हती. त्यांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव सगळं कमी. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बाळसं नाही आणि मेद आहे. याज्ञिकांनी याला 'थिन-फॅट' म्हटलं. आईचं पोषण, पोटात असताना झालेली उपासमार, याकडे बोट जातं ते त्यामुळे. आशियाई लोकांसाठी धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ बीएमआयपासून धरतात, त्याचंही कारण हेच : त्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते.

एक लक्षात घ्या, ही खेड्यातलीच बाळं होती. 'गावाकडचा म्हणजे काटक' हे जन्माने मिळत नाही, मोळ्या वाहून मिळतं. गावातही आता शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल जाते.

आता मराठी शब्द. 'कृशमेदी' वगैरे घडवता येईल, पण तो फक्त परिभाषाकोशात नांदेल. माझं मत 'फोपसा'ला. फोपसा म्हणजे नुसता जाडा नव्हे. ज्याच्या अंगात घट्टपणा नाही, बोट दाबलं तर रुतावं, असा. लठ्ठच्या उलट सडपातळ आणि काटकच्या उलट फोपसा, अशा या दोन जोड्या आहेत. लठ्ठ असून काटक असलेले पैलवान आपण पाहिलेत, मग सडपातळ असून फोपसा असायला काय हरकत आहे? फोपसा म्हटलं की आधी सुटलेलं अंग डोळ्यांपुढे येतं, हे कबूल. म्हणून एकटा न वापरता 'सडपातळ पण फोपसा' असा जोडीने वापरावा.

वापरताना एवढं बघा : काटक आणि सडपातळ लिंगवचनाने बदलत नाहीत, फोपसा बदलतो. फोपसा मुलगा, फोपशी मुलगी, फोपसं अंग, फोपशा दंडाचा. काटकुळाही तसाच चालतो. भाच्याच्या तोंडावर मात्र काटकुळाच म्हणा, फोपसा त्याला जास्त लागेल.