नकाशा रंगवण्याआधी वेळा तपासा
मेट्रो आणि बसची जोडणी कशी आहे, हे नकाशावर दाखवायचं असेल, तर सुरुवात जीटीएफएस फाइलींपासून (सार्वजनिक वाहतुकीचं वेळापत्रक ठेवण्याची प्रमाणित पद्धत) करा, पण त्यांवर विसंबू नका. त्यांत फक्त ठरलेलं वेळापत्रक असतं. मध्यरात्रीनंतरची फेरी तिथे 25:10:00 (म्हणजे रात्री 1:10) अशी लिहिलेली असते. ती चूक समजून पुसली, की रात्रीची सेवाच गायब!

मग बसचा जीपीएस डेटा घेऊन दोन बसमधलं वेळेचं प्रत्यक्ष अंतर मोजा. कागदावर दर 10 मिनिटांनी बस, पण दोन-दोन जोडीने 20 मिनिटांनी येत असतील, तर सरासरी थांबणं 5 नव्हे, 10 मिनिटं होतं. मेट्रोतून उतरणाऱ्याला हेच नडतं.

प्रवासी तिकिटाचं कार्ड फक्त चढताना टेकवत असतील, तर उतरण्याचा थांबा अंदाजाने काढावा लागतो: त्याच कार्डाची पुढची नोंद जिथे, त्याच्या चालण्याजोग्या अंतरातला आधीच्या मार्गावरचा थांबा. दिवसाच्या शेवटच्या प्रवासासाठी पुढची नोंद म्हणून त्याच कार्डाची सकाळची पहिली जागा धरा. दिवसात एकच नोंद असलेली कार्डं वेगळी काढा. रोखीचे प्रवासी यात येतच नाहीत, म्हणून थोडी प्रत्यक्ष मोजणी हवीच.

आणि स्टेशन ते थांबा हे अंतर सरळ रेषेत मोजू नका. मधल्या जिन्याने, सिग्नलने 150 मीटरचे सहज 400 होतात.