मार्कडाउन आधी साफ करायचं की नंतर?

तुम्ही विचारलंय, युजरच्या मार्कडाउनमधून (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) आधी स्क्रिप्ट टॅग (ब्राउझरमध्ये कोड चालवणारी खूण) उडवायचा आणि मग त्याचं एचटीएमएल (ब्राउझरला कळणारं रूप) करायचं, एवढं बास का? नाही. सोलापुरातल्या चादर-टॉवेलवाल्यांसाठी साइट केली तेव्हा मीही हेच केलं होतं. मालाचं वर्णन व्यापारी मार्कडाउनमध्ये लिहायचे, मी स्क्रिप्ट टॅग उडवायला रेगेक्स (अक्षरांचे नमुने शोधणारं सूत्र) लावून निवांत. एका मित्राने चौकोनी कंसात 'भाव बघा' लिहिलं आणि गोल कंसात पत्त्याच्या जागी 'जावास्क्रिप्ट', कोलन, पुढे अलर्ट. मजकुरात टॅग एकही नव्हता, मग रेगेक्स उडवणार काय? कन्व्हर्टरने रीतसर लिंक करून दिली, क्लिक केलं की कोड चालू.

आमच्याकडे सूत कितीही बघून घेतलं तरी टॉवेल मागावरून उतरल्यावर तपासतातच. इथेही तसंच, तयार झालेलं एचटीएमएल साफ करा. आधीच सगळं एस्केप केलंत, म्हणजे टॅगच्या खुणा निरुपद्रवी अक्षरांत बदलल्यात, तर ओळीच्या सुरुवातीला '>' टाकून केलेली अवतरणं मोडतात आणि लिंकचा धोका तसाच राहतो. शिवाय मार्कडाउनमध्ये थेट एचटीएमएल चालतं, २००४ पासून त्याची रचनाच तशी आहे. म्हणजे इमेज टॅगला 'ऑनएरर' हा ॲट्रिब्यूट (टॅगला जोडायचा गुणधर्म; हा चित्र उघडलं नाही की कोड चालवतो) जोडला की स्क्रिप्ट टॅगची गरजच नाही.

वाईट शब्दांची यादी करत बसू नका. २००५ मध्ये मायस्पेस ही सोशल साइट 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळत होतं. सॅमी कामकारने तो मधोमध नवी ओळ टाकून तोडला, काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला आणि २० तासांत दहा लाखांवर प्रोफाइलांत त्याचा वर्म (आपोआप पसरणारा कोड) पसरला. म्हणून यादी करायची ती परवानगीची: मोजके टॅग, मोजके ॲट्रिब्यूट आणि लिंकला फक्त एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेलटू.

मार्कडाउन-इट या कन्व्हर्टरमध्ये कच्चं एचटीएमएल मुळातच बंद असतं, ते तसंच राहू द्या. मार्क्ड हा दुसरा कन्व्हर्टर स्वतः काही साफ करत नाही, त्याच्यामागे डॉमप्युरिफाय ही एचटीएमएल साफ करणारी लायब्ररी लावा. पायथनमध्ये साफसफाईची ब्लीच ही लायब्ररी २०२३ पासून डेप्रिकेटेड (वापरू नये अशी जाहीर) आहे, तिच्याऐवजी एनएच३ घ्या. साफ झाल्यावर त्या स्ट्रिंगमध्ये पुन्हा रिप्लेस-बिप्लेस करू नका, केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कुठला कोड चालू द्यायचा हे ब्राउझरला सांगणारा नियम) हे दुसरं कुलूप, तेही लावा.

आणि डेटाबेसमध्ये मूळ मार्कडाउनच ठेवा. मी तयार एचटीएमएल तेवढं साठवलं होतं. चूक कळली तेव्हा सगळी वर्णनं व्यापाऱ्यांकडून नव्याने मागवायची वेळ आली, तीही ऐन गड्ड्याच्या जत्रेत.