कॅनडाचं नंतर बघू, आधी पीककर्ज भरा

एका शेतकरी वाचकाचं पत्र दर्यापूर तालुक्यातून आलंय. नऊ एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मुलगी बारावी सायन्सला. खारपाणपट्ट्यातलं खारट पाणी पिऊन वाढली, म्हणून तिला पर्यावरण अभियांत्रिकीच शिकायची आहे. अमरावतीतल्या एका एजंटानं कॅनडाचं वॉटर्लू विद्यापीठ सुचवलंय. तिथं 'को-ऑप' असतं, म्हणजे चार महिने वर्ग आणि चार महिने कंपनीत पगारी काम. "फी त्यातूनच निघते," असं एजंट सांगतो. त्यांचा प्रश्न एवढाच, की एकरी 12 लाखांनी चार एकर विकू का?

नका विकू, भाऊ. परदेशी विद्यार्थ्याला तिथली इंजिनिअरिंगची फी वर्षाला 70 हजार डॉलरच्या घरात जाते. कॅनडाचा डॉलर 62 रुपयांचा धरा, म्हणजे 43 लाख. चार एकरांचे 48 लाख पहिल्याच वर्षी संपले. पूर्ण शिक्षणाचे पावणेदोन कोटी, राहणं-खाणं वेगळं. को-ऑप खोटं नाही, चांगलंच आहे. पण विद्यापीठ नोकरी हातात आणून देत नाही, अर्ज आणि मुलाखत पोरीलाच द्यावी लागते. सहा वेळा काम मिळालं आणि दर वेळी 12 हजार डॉलर आले असं धरलं, तरी होतात 45 लाख. त्यातले निम्मे त्याच महिन्यांच्या खोलीभाड्यात आणि जेवणात जातील. शिवाय व्हिसाला पहिल्या वर्षाची फी सोडून 22,895 डॉलर आधीच दाखवावे लागतात. पुढे मिळणारा पगार तिथं कोणी मोजत नाही.

हे इथंच संपलं. मला झोप लागली नाही ती पत्राच्या शेवटच्या दोन ओळींनी.

"पीककर्ज 2 लाख 80 हजार, दोन वर्षं भरलं नाही, माफी येईलच. पोरीच्या शिक्षणासाठी बँकेतल्या साहेबांनी वर्षाला 1 लाखाची पॉलिसी दिली, तीन हप्ते भरले."

म्हणजे बँकेचे पावणेतीन लाख थकवून त्याच बँकेत 3 लाख पॉलिसीत घातले! 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं असतं तर राज्याच्या सवलतीमुळे व्याज शून्य होतं. आता थकीत व्याज धरून आकडा 3 लाख 40 हजारांच्या आसपास असेल. माफीचं म्हणाल, तर 2019 च्या योजनेत मुद्दल आणि व्याज मिळून 2 लाखांच्या वर थकबाकी असलेल्यांना वगळलं होतं. तुम्ही तेव्हाही बसला नसता. उलट नियमित फेडणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं.

खरा फटका पुढे आहे. पोरगी कुठंही शिको, शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार तुम्हीच, आणि तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, पडलेला. शेत तारण देईन म्हणाल, तर बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत, कारण वसुलीचा सरफेसी कायदा तिला लागूच होत नाही.

पॉलिसी युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेला विमा, आहे आणि विमा पोरीच्या जिवावर आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर घरात दमडी येणार नाही. साहेबांचं कमिशन मात्र तेव्हाच निघालं. चौथा हप्ता भरू नका. पैसे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत अडकतील, त्यावर किमान 4 टक्के मिळतील. मिळू द्या. तुमच्या जिवावर 50 लाखांचा साधा टर्म विमा घ्या.

कॅनडाच्या फाइलसाठी ठेवलेली 6 लाखांची एफडी मोडा आणि कर्ज पूर्ण फेडा. बँक कमी रकमेत तडजोड देऊ करेल, ती घेऊ नका. "सेटल्ड" हा शिक्का सिबिलवर राहतो. नो ड्यूजचा कागद घ्या, मग पुढच्या हंगामाला नवं कर्ज मागा आणि दरवर्षी वेळेत नवं-जुनं करत, म्हणजे जुनं फेडून नवं उचलत चला.

मुलीसाठी रस्ता जवळचा आहे. सीईटी देऊन सरकारी कॉलेजात सिव्हिल घ्या. पत्रात ओबीसी लिहिलंय. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला, तर 2024-25 पासून मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पुढे गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन नागपूरच्या व्हीएनआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचं एमटेक करता येतं, महिना 12,400 रुपये विद्यावेतनासह. पाण्यावर काम करणारी नीरी ही संशोधन संस्थाही त्याच शहरात आहे. परदेशाचं तेव्हा बघता येईल, आणि तेही शिष्यवृत्तीवर.

हप्त्याची तारीख जवळ आली की साहेबांचा फोन येईल. उचलू नका.