वर्कशॉपमध्ये छोटी हत्यारे अंगावर कशी बाळगावीत?

पँटच्या खिशातील स्क्रू ड्रायव्हर आणि पट्टी वाकताना टोचतात, त्यावर उपाय काय, असे आपण विचारले आहे. कुर्ल्यातील फॅब्रिकेशनच्या गाळ्यात काम करताना मला छातीवर खिसे असलेला जाड कॅनव्हासचा एप्रन सर्वांत सोयीचा वाटला, कारण उकिडवे बसले तरी छातीवरचा खिसा मांडीला अडत नाही. त्याचे पट्टे पाठीवर फुलीसारखे जाणारे घ्यावेत, म्हणजे वजन मानेऐवजी खांद्यांवर येते. १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणि स्क्रायबर (धातूवर खुणेची रेघ ओढण्याचे टोकदार हत्यार) यांसाठी अरुंद, खोल कप्पे शिवून घ्यावेत. स्क्रायबरच्या टोकावर जुन्या वायरचे आवरण आठवणीने चढवावे, कारण वाकल्यावर ते टोक थेट हनुवटीखाली येते. पक्कड आणि पाने कमरेच्या पट्ट्याला बाजूला अडकवलेल्या चामड्याच्या पाउचमध्ये ठेवावेत. बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर कॅलिपर मात्र डबीतच बरा, कारण मुंबईच्या दमट हवेत घामाचा हात लागला की पोलादावर गंज लवकर चढतो. लेथ किंवा ड्रिलिंग मशीनवर उभे राहण्यापूर्वी एप्रनच्या नाड्यांची टोके आत खोचलीच पाहिजेत, कारण फिरत्या चकमध्ये (काम किंवा ड्रिल पकडून ठेवणाऱ्या भागात) लोंबती नाडी अडकली, तर हात मागे घेण्याइतकाही वेळ मिळत नाही.