पुण्याजवळ खनिजे गोळा करण्यासाठी हौशी गटाची सहल काढायची आहे. कोणती साधने न्यावीत?

आपल्या पंधरा जणांच्या गटात हातोड्या दोनच असाव्यात. जुनी वर्तमानपत्रे, अंड्यांचे रिकामे ट्रे आणि मार्कर मात्र प्रत्येकाकडे असावेत. हे मत ओकेनाइट या कापसासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या खनिजाच्या एका गोळ्यामुळे बनले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण मालकाच्या परवानगीने पुण्याच्या पूर्वेकडील एका दगडखाणीत गेलो होतो. आदल्या दिवशीच सुरुंग उडवलेले असल्याने ढीग ताजा होता आणि एका धोंड्यात नारळाच्या कवटीएवढी पोकळी उघडी पडली होती. आत गारेच्या बारीक स्फटिकांवर कापसाच्या बोंडासारखा पांढराशुभ्र गोळा बसलेला होता. हा कापूस म्हणजे केसाहून बारीक सुयांचा झुबका असतो. आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी, मी नको म्हणत असतानाच, त्यावर कौतुकाने अंगठा फिरवला आणि तेवढ्या पट्ट्यातील सुया भिजलेल्या मांजराच्या केसांसारख्या आडव्या झाल्या, त्या कायमच्याच. मग त्यांनी छिन्नी लावली, तीही पोकळीच्या अगदी कडेला. छिन्नी चार बोटे लांब, अखंड दगडात लावा, असे मी दोनदा सांगितले होते. तिसऱ्या घावाला गोळ्याचे दोन तुकडे झाले.

ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी दगडासोबत जागीच गुंडाळण्याला हेच गृहस्थ कारकुनी म्हणत. आज त्यांच्या कपाटातील हिरवे अ‍ॅपोफिलाइट कोणत्या गावचे, हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि गाव हरवलेले खनिज माझ्या लेखी केवळ शोभेची वस्तू होय. कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाचे पहिले वर्णन १९७३ साली अमेरिकेतील ओरेगनच्या नमुन्यांवरून झाले, तरी आज जगभरच्या संग्राहकांना पुण्याजवळच्या वाघोलीचे नाव पाठ आहे, ते अशा चिठ्ठ्यांमुळेच. यात कारकुनी कोठे आली, हे त्यांनी मला अद्याप सांगितलेले नाही.

सहलीआधी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहून यावे. काय शोधायचे आहे ते डोळ्यांत बसते.

राहता राहिले ते असे: खाणमालकाची परवानगी आणि सुरुंगाची वेळ आधी विचारावी, हातोडी चालवणाऱ्याने व शेजारी उभे राहणाऱ्यानेही संरक्षक चष्मा लावावा, आणि उभ्या कड्याखाली, विशेषतः पावसाळ्यात, कोणालाही जाऊ देऊ नये. लोणारला सहल अवश्य न्यावी, परंतु ते अभयारण्य असल्याने तेथून खडाही उचलू नये.