1968 ची फियाट डिलाइट: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुमच्या आजोबांची 1968 ची फियाट 1100 डिलाइट साताऱ्याच्या घरी कित्येक वर्षं झाकून उभी आहे. गॅरेजवाला म्हणतो, सगळी खोलू, पत्र्यापर्यंत खरवडू, मेटॅलिक रंग मारू, आजच्या एखाद्या छोट्या गाडीचं इंजिन बसवू, पुढे डिस्क ब्रेक घालू. आणि तुमची इच्छा अशी की गाडी आजोबांचीच वाटली पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र जमणार नाहीत. म्हणून त्याला आधी थांबवा, ॲडव्हान्स देऊ नका.

मी जुन्या गाडीकडे बघताना प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारतो: हा झिजलाय, की नुसता जुना झालाय? ब्रेकचे रबर, होज, टायर, बेअरिंग, गंजून भोक पडलेला पत्रा, सोललेली वायर हे झिजलेलं. ते बिनदिक्कत बदला, त्यात भावनेला जागा नाही. फिका पडलेला रंग, हाताने गुळगुळीत झालेलं स्टेअरिंग, पिवळट झालेली मीटरची तबकडी, मूळ काचा हे जुनं झालेलं. ते एकदा गेलं की कुठल्याही बाजारात परत मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, 2012 मध्ये जी ट्युरिन सनद मंजूर केली तिचाही सूर हाच आहे: आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती, आणि जे केलं त्याची नोंद.

सुरुवात कागदांपासून करा. आरसी बुक चालू आहे का ते बघा, आणि चासी व इंजिनवरचे ठोकलेले नंबर त्याच्याशी ताडून त्यांचे फोटो काढून ठेवा. खरवडणाऱ्या पोराने त्या जागी ग्राइंडर फिरवला तर आरटीओत जन्मभर फेऱ्या घालाल. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नोंदणी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि धंद्याला न वापरलेली गाडी त्यात बसते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणजे गॅरेजवाल्याचा बेत मान्य केलात तर ही वाट तिथेच बंद. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रविवारी महाबळेश्वरला न्यायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचंच नूतनीकरण करून घ्या.

आता इंजिन. ते घाईने सुरू करायला जाऊ नका, बॅटरी जोडून स्टार्टर तर मुळीच मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, काही दिवस तसंच राहू द्या. मग पुढून हँडल घालून हाताने हळू फिरवून बघा. अडलं तर जोर करू नका, आणखी तेल, आणखी दिवस. फिरलं की ऑइल बदला, पेट्रोलची टाकी उतरवून धुवा, सोलेक्स कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करा, कॉम्प्रेशन तपासा. बऱ्याचदा हेड उतरवायचीही वेळ येत नाही. सिलिंडर झिजून बोअरिंगची, म्हणजे ते आतून कातून मोठे पिस्टन घालायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा. तुमची डिलाइट म्हणजे इटलीतली 1100 डी. तिथे ती 1221 सीसीची होती, तिचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 72 मिलिमीटर. कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेल्या आपल्या गाडीत 1089 सीसीच राहिलं, बोअर 68. युरोपातून ‘1100 डी’चे पिस्टन मागवाल तर ते शोभेला ठेवावे लागतील. त्यापेक्षा कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याची नाना पेठ पालथी घाला. पुढे हीच गाडी पद्मिनी म्हणून वर्षानुवर्षं निघत राहिली, त्यामुळे इंजिन-गिअरचं बरंचसं सामान आजही हाती लागतं.

काही बदल मी स्वतःहून सुचवेन, कारण ते दिसत नाहीत आणि गाडी वाचवतात. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घाला. बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच घाला. वायरिंग नवं करा, पण मूळ रंगांच्या वायरी वापरून, मूळ वाटेनेच. ब्रेक चारही ड्रमचेच ठेवा. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, लायनर नवे केले आणि नीट ॲडजस्ट केले तर या गाडीच्या वेगाला ते पुरतात. टायर शक्यतो 5.20-14 च्या मापाचेच शोधा. जाडे रेडिअल टाकले की स्टेअरिंग जड होतं आणि गाडी बेढब दिसते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पत्र्याच्या आणि रंगाच्या कामात. ही गाडी वेगळ्या चासीची नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून साइड सिल (दारांखालची लांब पत्र्याची पट्टी) आणि फ्लोअर हा तिचा कणा. तिथे गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर दार नीट लागतं, दिसायलाही छान, पण जॅक लावला की पत्रा आत बसतो. गंजलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडायला सांगा, आणि लांबी लावण्याआधी जोड स्वतः बघून या. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजतात, पाणी साठतं आणि दार आतून खालून सडतं. एक तार घेऊन आजच ती मोकळी करा, पैसा लागत नाही.

रंगाचं अजून ठरवू नका. त्या काळचा रंग एकाच थराचा, वर पारदर्शक लॅकर नसे. उन्हाने त्याची वरची पापडी खडूसारखी पांढुरकी होते आणि गाडी मेलेली दिसते. डिकीच्या झाकणाच्या कडेला तळहाताएवढी जागा निवडा. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, मग मऊ सुती फडक्यावर अगदी बारीक पॉलिश घेऊन हलक्या हाताने घासा. फडक्यावर गाडीचाच रंग उतरेल, घाबरू नका, ती मेलेली पापडी आहे. खालून जो गडद, ओलसर रंग वर येतो तो 1968 चा. बोनेटच्या उंच रेषा आणि मागच्या मडगार्डवरच्या फिनच्या (पंखासारख्या उंचवट्यांच्या) कडा मात्र सोडा, तिथे थर पातळ असतो, पटकन पत्रा दिसतो. जिथे रंग उरलेलाच नाही तेवढंच पॅनेल रंगवा. शेड डॅशबोर्डच्या आतून किंवा दाराच्या रबराखालून जुळवून घ्या, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं.

सीट फाटल्या असतील तर जुनं रेक्झिन फेकू नका, शिलाईच्या नमुन्यासाठी कारागिराला तेच लागेल. पुढची सीट सलगच ठेवा, बकेट सीट नको. आणि स्टेअरिंगवरचा गिअर काढून खाली घ्यायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. लिंकेजचे बुश बदलले की तो लोण्यासारखा पडतो. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकायचा, हे घरातल्या सगळ्यांना शिकवा.

क्रमाने जा: कागद, ब्रेक, इंजिन, वायरिंग, पत्रा, रंग, सीट. खोलण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा, प्रत्येक स्क्रू लेबल लावलेल्या डब्यात ठेवा. साइड सिलचे खालून काढलेले आणि चारही दारांच्या तळांचे फोटो टाका, मग पत्रा किती कापावा लागेल ते बघून सांगतो.